जर्मनीत नवीन आहात? आधी भाडं आवरा, मग पोटभर जेवा

जर्मनीत नव्यानं आलेला माणूस पैसे वाचवायचे म्हटलं की पहिला हात जेवणावर आखडता घेतो. सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट, रात्री नूडल्स, आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूला मनातल्या मनात रुपयांनी गुणून हळहळायचं. तोच माणूस गरजेपेक्षा महाग खोलीचं भाडं, तीनदा पाहिलेल्या जिमचे हप्ते आणि विजेचा सगळ्यात चढा दर मात्र मुकाट्यानं भरत असतो. इथलं गणित उलटं आहे. पैसा जातो तो भाडं, विमा, प्रवास आणि करार यांत. किराणा त्या मानानं स्वस्त पडतो, कारण आल्डी, लिडल, पेनी, नेटो या डिस्काउंटर, म्हणजे स्वस्त मालाच्या, दुकानांची आपसांतली चुरस फार जुनी आणि फार कडवी आहे. म्हणून या लेखात आधी घर आणि कागद, मग सावकाश स्वयंपाकघर.

पायरी पहिली: बॅग भरताना

डाळ-तांदळाचे किलो आणू नका. इथे मध्यम आकाराच्या शहरातही भारतीय किंवा आशियाई दुकान असतं आणि तुर्की दुकान तर जवळपास सगळीकडे. जे इथे मिळत नाही किंवा मिळालं तरी चवीला बरं नसतं तेच आणा: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, कोकम.

भांड्यांत प्रेशर कुकर आणि पोळीचा तवा. दोन्ही सपाट बुडाचे, आणि शक्यतो इंडक्शनवर चालणारे स्टीलचे. इथे बहुतेक घरांत काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असते. त्यावर गोल बुडाची कढई डगमगते आणि तापत नाही; इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर नुसता बसून राहतो. कुकरची जास्तीची रबरी रिंग आणि शिट्टी विसरू नका. मिक्सर आणावा का, हा वादाचा विषय आहे. व्होल्टेज जुळतं, पिनसाठी ॲडाप्टर लागतो. इथले स्वस्त ब्लेंडर ओल्या चटणीपुढे दम टाकतात, त्यामुळे वजन बसत असेल तर माझं मत 'आणा' असंच आहे.

काय आणायचं नाही तेही बघा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं घरीच ठेवायचं. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं; केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. हापूसची पेटी त्यात बसत नाही. सुके बोंबील नियमात बसतात, कारण माशांच्या पदार्थांना 20 किलोपर्यंत मुभा आहे. शेजाऱ्यांच्या सहनशक्तीत ते बसतील का, हा प्रश्न वेगळा.

पायरी दुसरी: घर

इथे चुकलं तर पुढची सगळी काटकसर वाया जाते, म्हणून जरा थांबून वाचा.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात नेबेनकोस्टन मिळवलं, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग, की वार्ममीटे होते. तुलना नेहमी वार्ममीटेची करा. आणि वीज व इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर असतात, हे विचारून घ्या. नेबेनकोस्टन ही आगाऊ रक्कम असते. वर्षाअखेरी प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब येतो आणि कमी भरलं असेल तर उरलेले पैसे मागितले जातात. एखाद्या जाहिरातीत ही रक्कम संशयास्पद कमी दिसली तर घर स्वस्त आहे असं समजू नका, मागाहून येणारं बिल मोठं असणार असं समजा. घरमालकानं हिशोबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत हा कागद दिला नाही, तर त्याला सहसा जादा पैसे मागता येत नाहीत. हिशोबावर आक्षेप घ्यायला तुम्हालाही बारा महिने असतात.

अनामत रकमेला काउत्सिओन म्हणतात. ती कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी असू शकते, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. नवख्यांना हे कुणी सांगत नाही आणि ते पहिल्याच आठवड्यात सगळी शिल्लक काढून देतात. दलालाचंही तसंच. 2015 पासून भाड्याच्या घराचा दलाल ज्यानं नेमला त्यानंच त्याचे पैसे द्यायचे आहेत, आणि तो बहुतेक वेळा घरमालक असतो.

रिकामं घर म्हणजे इथे खरोखर रिकामं. पुष्कळ घरांत ओटा, सिंक, शेगडी काही नसतं; आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत आइनबाउक्युशे असा शब्द दिसला की स्वयंपाकघर जागेवर आहे. कधी जाणारा भाडेकरू ते तुम्हाला विकत देऊ पाहतो. घासाघीस करा, त्यालाही ते उचलून न्यायचा कंटाळा आलेला असतो.

एकट्या माणसासाठी सगळ्यात स्वस्त पर्याय दोन. विद्यार्थी असाल तर श्टुडिरेंडनवेर्क या संस्थेचं वसतिगृह. प्रवेश मिळाला त्याच दिवशी अर्ज टाका, कारण मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते. नाहीतर वेगे, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेलं घर, ज्यात स्वतःची खोली आणि सामायिक स्वयंपाकघर असतं. वेगे-गेझुख्ट, इमोस्काउट आणि क्लाइनआनत्साइगन या साइटवर शोध सुरू होतो. अर्जात चार ओळी जर्मनमध्ये लिहा, आपण काय करतो, किती महिने राहणार, स्वयंपाक आवडतो का, हे सांगा. नुसतं 'खोली रिकामी आहे का' असं विचारणाऱ्याला उत्तर येत नाही. मसाल्याच्या वासाबद्दलही आधीच बोला. नंतर कुरबुरी होण्यापेक्षा हे सोपं, आणि बऱ्याचदा 'मग आम्हाला कधी जेवायला घालणार?' असा उलट प्रश्न येतो.

फसवणुकीचा ठरलेला नमुना ओळखून ठेवा: सुंदर फोटो, शहराच्या मध्यात, भाडं निम्मं, घरमालक परदेशात अडकलेला, किल्ली टपालानं पाठवतो म्हणणारा आणि त्याआधी अनामत मागणारा. घर पाहिल्याशिवाय किंवा विश्वासातल्या कुणी पाहिल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका.

म्युनिक सगळ्यात महाग; फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट, हांबुर्ग आणि आता बर्लिनही खिशाला जड. लाइप्झिग, केम्निट्स, माग्डेबुर्ग ही पूर्वेकडची शहरं बरीच स्वस्त आहेत. कॉलेज निवडताना विद्यापीठाच्या नावाबरोबर शहराच्या भाड्याकडेही बघावं असं मी प्रत्येकाला सांगते. व्हिसासाठी विद्यार्थ्यानं बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो दाखवायचे असतात. केम्निट्समध्ये त्या रकमेत नीट भागतं. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा एका खोलीतच जातो.

पायरी तिसरी: पहिल्या महिन्यातले कागद

घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची खोली घेऊ नका, कारण नोंदणीशिवाय कर-क्रमांक येत नाही आणि कर-क्रमांकाशिवाय पगारावर जास्त दरानं कर कापला जाऊ शकतो.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा इव्हँगेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चचं सदस्यत्व नोंदलं गेलं की प्राप्तिकराच्या वर आणखी चर्च-कर लागतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यांत प्राप्तिकराच्या 8 टक्के, बाकी सगळीकडे 9 टक्के. वसईकडच्या आपल्या कॅथलिक मंडळींनी हा रकाना विचार करून भरावा. ज्याला द्यायचाय त्यानं आनंदानं द्यावा, पण नकळत नको.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी ती द्यावीच लागते: महिन्याला 18.36 युरो. ती माणशी नसून घरामागे असते. वेगेमध्ये चौघं राहत असाल तर एकानं भरायची आणि चौघांनी वाटून घ्यायची. त्यामुळे पत्र आल्यावर आधी घरात विचारा की कुणी भरतंय का, आणि भरत असेल तर त्याचा वर्गणी-क्रमांक कळवून मोकळे व्हा. पत्र केराच्या टोपलीत टाकणं हा मार्ग नाही, थकबाकी दंडासकट मागे येते.

वीज. नव्या घरात तुम्ही काहीच केलं नाही तर स्थानिक कंपनीचा मूळ दर आपोआप लागू होतो, आणि तो बहुधा बाजारातल्या महाग दरांपैकी असतो. हा करार दोन आठवड्यांच्या नोटिशीनं सोडता येतो. चेक24 किंवा फेरिवॉक्स या दरांची तुलना करणाऱ्या साइटवर पिनकोड आणि अंदाजे वापर टाकून दुसरा दर निवडा. पहिल्या वर्षाच्या बोनसमुळे स्वस्त दिसणाऱ्या दरांची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा, वर्ष संपलं की ते चढतात.

एक विमा मात्र सक्तीचा नसूनही घ्या: हाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. वर्षाला तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. इमारतीची सामायिक किल्ली हरवली तर सगळ्या कुलपांचा खर्च तुमच्या डोक्यावर येऊ शकतो, म्हणून किल्लीचं कलम त्यात आहे ना ते बघा. किल्लीवरून आठवलं. इथली दारं ओढली की बाहेरून बंद होतात. केराची पिशवी टाकायला गेलात आणि मागे दार लागलं, की रविवारी रात्री कुलूपवाला मागेल ती रक्कम द्यावी लागते. दुसरी किल्ली पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या माणसाकडे ठेवा.

पायरी चौथी: कुठलं दुकान कशासाठी

रोजचं दूध, अंडी, पीठ, बटाटे, कांदे, गोठवलेल्या भाज्या डिस्काउंटरमधून घ्या. रेवे आणि एडेका मोठी आणि देखणी दुकानं आहेत, पण तिथेही त्यांच्या स्वतःच्या ब्रँडचा माल, म्हणजे रेवेचा 'या!' आणि एडेकाचा 'गूट उंड ग्युन्स्टिश', डिस्काउंटरच्याच भावात असतो. तो बहुधा सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतात. वाका. किमतीच्या पट्टीवर लहान अक्षरांत किलोमागे किंवा लिटरमागे भाव छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. वाचायचा तो आकडा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही.

तुर्की दुकान हे तुमचं मंडई समजा. कोथिंबिरीची खरी जुडी तिथे मिळते, सुपरमार्केटात कुंडीत चार काड्या मिळतात. पण उचलताना चुरगाळून वास घ्या, कारण शेजारीच सपाट पानांची पार्सली हुबेहूब कोथिंबिरीसारखी दिसते. वांगी, भेंडी, पुदिना, लिंबं, पाच किलोची तांदळाची पिशवी, छोले, मसूर, तीळ इथेच. लांबट हिरव्या तुर्की मिरच्या दिसायला जहाल, चवीला भोळ्या. ठेच्यासाठी आशियाई दुकानातल्या बारीक थाई मिरच्या घ्या.

भारतीय दुकानात महिन्यातून एकदा, यादी घेऊन. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारी-बाजरीचं पीठ, गूळ, हिंग, मोहरी. कढीपत्ता महाग असतो. एक पाकीट घेऊन धुऊन-पुसून फ्रीजरमध्ये टाकला तर बरेच दिवस पुरतो. फरसाणाच्या रॅकपाशी रेंगाळू नका, बजेट तिथेच कोसळतं.

डीएम आणि रॉसमान ही साबण-शँपूची दुकानं, पण त्यांच्या एका कोपऱ्यात सेंद्रिय धान्य रास्त भावात असतं. तिथलं हिर्झं नावाचं धान्य वरीच्या फार जवळचं आहे. उपासाला भगर म्हणून शिजवून बघा.

दुकानं रविवारी बंद. सणाच्या दिवशीही बंद. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही उघडी असतात, पण तिथे गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. शनिवारी संध्याकाळी मांस, पाव, भाज्या यांवर 30 टक्के सवलतीचे लाल-केशरी स्टिकर दिसायला लागतात. बेकऱ्याही आदल्या दिवशीचा पाव कमी भावात विकतात, आणि जर्मन राईचा पाव दुसऱ्या दिवशी खरं तर जास्त चांगला लागतो. टू गुड टू गो या ॲपवर बेकरी आणि हॉटेलं उरलेल्या मालाच्या पिशव्या देतात. फूडशेअरिंगच्या सार्वजनिक कपाटांत तर उरलेलं अन्न फुकट असतं. ते घेण्यात कमीपणा नाही, इथे प्राध्यापकही तिथून कोबी नेतात.

पाकिटावरच्या दोन तारखांत फरक करा. 'मिंडेस्टेन्स हाल्टबार' ही तारीख उत्तम दर्जाची हमी कुठवर एवढंच सांगते. ती उलटलेलं दही वास आणि चव बघून बिनधास्त खा. 'फेरब्राउखन बिस' ही मात्र पाळायचीच. ती खिमा आणि ताज्या चिकनसारख्या मालावर असते.

नळाचं पाणी प्या. ते पिण्यालायक असतं आणि त्यावर काटेकोर तपासणी असते. बाटल्यांची ओझी वाहण्यात अर्थ नाही. तरीही बाटली-कॅन घेतलात तर त्यावर अनामत असते: एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा 8 किंवा 15 सेंट. कॅन चेपू नका, यंत्राला बारकोड वाचता आला पाहिजे. यंत्रातून आलेली चिठ्ठी त्याच दुकानात काउंटरवर द्यायची.

पायरी पाचवी: जर्मन फळीवरून मराठी ताट

इथे माझा आग्रह आहे. गावाकडच्या चवीसाठी प्रत्येक वेळी भारतीय दुकानात जाणारा माणूस दुप्पट पैसे देतो. आपल्या स्वयंपाकाला लागणारं निम्मं सामान आल्डीतच आहे, फक्त पाकिटावर वेगळं नाव आहे.

पीठ. पाकिटावरचा आकडा म्हणजे पिठात उरलेल्या खनिजांचं प्रमाण. 405 हा मैदा. 1050 जरा करडं, कोंड्याचा अंश असलेलं. फोलकॉर्न म्हणजे पूर्ण गव्हाचं, पण दळण जाडसर आणि कोंडा टोचणारा. नुसत्या फोलकॉर्नच्या पोळ्या फाटतात, नुसत्या 405 च्या वातड होतात. 1050 आणि फोलकॉर्न निम्मं-निम्मं, कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. पोळी मऊ होते. घरात चार-पाच माणसं असतील तर मात्र भारतीय दुकानातली दहा किलोची कणीक परवडते.

रवा म्हणजे ग्रीस. वाइषवाइत्सनग्रीस घ्या, उपमा आणि शिरा दोन्ही जमतात. हार्टवाइत्सनग्रीस डुरम गव्हाचा, जरा कणीदार. रोटे लिन्झन म्हणजे सोललेली मसूरडाळ, डिस्काउंटरमध्येही मिळते, भिजवायला नको, कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. आठवड्यातले तीन दिवस मसुराची आमटी आणि भात यावर निघतात. गोडा मसाला आणि कोकम घातलं की तूरडाळीची आठवण थोडी कमी येते, पूर्ण जात नाही. खोबऱ्याचा कीस बेकिंगच्या फळीवर असतो. कोरडाच असतो, पण भाजून वाटणाला चालतो.

दुधाच्या पदार्थांत जर्मनी श्रीमंत आहे आणि इथे मराठी माणसानं अजिबात काटकसर करू नये. क्वार्क हा विरजलेल्या दुधापासून केलेला घट्ट पदार्थ. पाकिटावर 40 टक्के स्निग्धांश लिहिलेला क्वार्क फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा, साखर, वेलदोडा, केशर घालून फेटा. श्रीखंड तयार, चक्क्याची खटपट नाही. बिनस्निग्धांशाचा माग्रक्वार्क अर्धा किलोच्या डब्यात फार स्वस्त मिळतो, व्यायाम करणारी मुलं तोच खातात. बुटरमिल्श हे ताकच. कढी करा, मठ्ठा करा, किंवा नुसतं मीठ-जिरं घालून प्या.

तुपासाठी लोण्याचं पाकीट नीट वाचून घ्या. झ्युसराम म्हणजे गोड सायीचं लोणी, झाउअरराम म्हणजे विरजण लावलेल्या सायीचं. आपलं लोणी विरजणाच्या सायीचं असतं, म्हणून झाउअररामचं लोणी कढवलं की घरच्या लोणकढ्या तुपाचा वास येतो. तयार तूप बुटरश्माल्त्स या नावानं मिळतं, पण त्याला तो वास नाही.

भाज्या ऋतूप्रमाणे घ्या. हिवाळ्यात कोबी, गाजर, बीट, बटाटे, लीक यांचे भाव सगळ्यात खाली असतात. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, हरभऱ्याची डाळ घालून भाजी करा, पाला टाकू नका. सप्टेंबरपासून होक्काइडो नावाचा लाल भोपळा येतो. त्याची साल मऊ शिजते, सोलायला नको. भरीत, भाजी, आणि गूळ घालून घारगे, तिन्हीला तो उत्तम. गोठवलेला पालक घेताना 'ब्लाटश्पिनाट' बघून घ्या, 'राम' असलेल्यात साय घातलेली असते. बटाट्याच्या पिशवीवर 'मेलिश' असेल तर वड्यांना, 'फेस्टकोखेंड' असेल तर काचऱ्यांना. वसंतात पांढऱ्या श्पार्गेलवरून, म्हणजे ॲस्परॅगसवरून, सगळा देश वेडा होतो. एकदा चाखा, पण ती स्वस्त भाजी नव्हे. आठवडी बाजारात बंद व्हायच्या अर्ध्या तास आधी जा.

मांसाहारी मंडळींसाठी गोठवलेलं झुपेनहून, म्हणजे सूपसाठीची जून कोंबडी. ताज्या चिकनपेक्षा स्वस्त आणि चवीला कितीतरी दणकट. कुकरला वेळ द्या, आणि त्या पाण्याचा तांबडा-पांढरा रस्सा करा. चिकनच्या तंगड्या छातीच्या निम्म्या भावात मिळतात. माशांत गोठवलेला झेलाक्स स्वस्त. माकरेले हा बांगड्याचा थंड समुद्रातला भाऊबंद, तुर्की दुकानात किंवा काउफलांडच्या मासळी काउंटरवर अख्खा मिळतो. कोकम-तिरफळाचं कालवण त्याला शोभतं. अंड्यावर छापलेला पहिला आकडा कोंबडीच्या राहणीचा: 0 सेंद्रिय, 1 मोकळ्यावरची, 2 बंद गोठ्यातली, 3 पिंजऱ्यातली.

विद्यार्थ्यांनी दुपारचं जेवण मेन्झामध्ये घ्यावं. श्टुडिरेंडनवेर्क ही खानावळ अनुदानावर चालवतं, शाकाहारी पदार्थ रोज असतो, आणि त्या भावात घरी शिजवणंही कठीण. चव बेताची. बरोबर चटणीची डबी ठेवा.

स्वयंपाकाविषयी दोन सूचना. फोडणी देताना खिडकी उघडा आणि पॅसेजचं दार लावा, नाहीतर छतावरचा धूर-सूचक सगळी इमारत जागी करतो. आणि रात्री दहानंतर व रविवारी मिक्सर फिरवू नका. ती शांततेची वेळ असते, आणि शेजारी ती मनावर घेतात.

पायरी सहावी: फिरणं आणि सामान

डॉइचलांड-टिकेट घेतलं की देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांत महिनाभर फिरता येतं. 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2026 पासून 63 युरो आहे. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. दर महिन्याला आपोआप पुढे सरकतं; नको असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा. घर आणि काम जवळ असेल तर जुनी सायकल त्याहून स्वस्त, फक्त कुलूप सायकलीपेक्षा चांगलं घ्या.

फर्निचर नवं घेऊ नका. क्लाइनआनत्साइगनवर 'त्सू फेरशेंकन', म्हणजे फुकट देणे आहे, असा शोध लावा. महिनाअखेरीला घर सोडणारे लोक टेबलं, गाद्या, वॉशिंग मशीन देऊन टाकतात, अट एकच की स्वतः येऊन घेऊन जा. भाड्याची व्हॅन आणि दोन मित्र जमवा.

पायरी सातवी: करार आणि कर

मोबाइलला सुरुवातीला प्रीपेड पुरतं. आल्डी आणि लिडल दोघांचीही सिमकार्डं आहेत. जिम, इंटरनेट, भाषेचं ॲप, काहीही सही करण्याआधी मुदत किती आणि सोडायची नोटीस किती ते वाचा. 2022 च्या मार्चनंतर केलेल्या बहुतेक करारांत मूळ मुदत संपल्यावर तुम्ही कधीही एक महिन्याच्या नोटिशीनं सुटू शकता, पण पहिली एक-दोन वर्षं अडकलेलेच असता. वेबसाइटवर घेतलेला करार वेबसाइटवरच रद्द करायचं बटण देणंही आता सक्तीचं आहे. कंपनी ऐकत नसेल तर फेरब्राउखरत्सेन्ट्राले ही ग्राहक संस्था आणि घरमालक ऐकत नसेल तर मीटरफेरआइन ही भाडेकरूंची संघटना थोड्या शुल्कात सल्ला देते.

भाषेचे क्लास खासगी संस्थेत लावण्याआधी शहराच्या फोल्क्सहोखशूलेचं, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्राचं, वेळापत्रक बघा. तिथे ते बरेच स्वस्त असतात.

आणि कराचं विवरणपत्र भरा, सक्तीचं नसलं तरी. पगारातून दरमहा कापलेला कर तुम्ही वर्षभर कमावणार असं धरून कापलेला असतो. सप्टेंबरात नोकरीला लागलेल्या माणसानं त्या वर्षी चारच महिने कमावलेलं असतं, त्यामुळे बहुधा परतावा निघतो. त्या वर्षातली भारतातली कमाईही दाखवावी लागते, तिचा दरावर परिणाम होतो. एल्स्टर हे सरकारी पोर्टल फुकट आहे, जर्मन किचकट आहे, शनिवारची एक दुपार काढावी लागते. स्वेच्छेनं भरणाऱ्याला चार वर्षं मागे जाता येतं, म्हणजे आल्या आल्या जमलं नाही तरी ते पैसे अजून तुमचेच आहेत.